सुटलेल्या पोटाचा पंचनामा

महाराष्ट्र पोलीस दलात शिपायाची छाती एकदाच गांभीर्याने मोजतात, भरतीच्या दिवशी. न फुगवता 79 सेंटीमीटर आणि फुगवल्यावर आणखी 5. उंची किमान 165. यात अर्धा सेंटीमीटर कमी भरला, तर टेप धरणारे साहेब मान हलवतात आणि पोरगं मैदानाबाहेर. पोटाचा रकाना त्या तक्त्यात नाही. त्याची गरजही पडत नाही, कारण त्या दिवशी त्या मैदानावर पोट नावाची वस्तू फक्त टेप धरणाऱ्यांकडे असते. गणवेश, काठी, बक्कल नंबर हे सगळं खात्यात आल्याआल्या मिळतं. पोटाला सेवाज्येष्ठता लागते.

भरतीची पोरं बघायची असतील तर पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर डांबरी रस्त्यावर जाऊन उभं राहावं. आधी अंधारातून फक्त पावलांचा आवाज येतो, मग धापा, मग पोरं. अंगात कुठल्या तरी अकॅडमीचा घामाने विटलेला टी-शर्ट, त्यातला एखादा अनवाणी. रस्त्यावर चुन्याची रेघ मारलेली असते आणि शंभर मीटरवर दुसरी. गोळा सगळ्यांत मिळून एकच, 7.260 किलोचा, आणि तो घरी कुणी न्यायचा यावरून रोज वाद. रात्री हरभरे भिजत घालायचे, सकाळी ते गुळाबरोबर चावायचे, अंडी उकडून खायची. आई दुधाचा पेला भरून देते आणि डेअरीला दूध कमी गेलं म्हणून बाप कुरकुरतो. पण तोही मनातून मोजत असतो: 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारले तर 20 पैकी 20. शंभर मीटर साडेअकरा सेकंदांत आले तर 15. गोळा साडेआठ मीटर गेला तर आणखी 15. शारीरिक चाचणीचे हे पन्नास गुण गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. राज्यघटनेची कलमं लेखी परीक्षेसाठी नंतर पाठ होतात.

ही चाचणी म्हणजे गंमत नव्हे. 2024 च्या भरतीत 17,471 जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे शंभर पोरं. धावणाऱ्याला चिप बांधलेली असते आणि सेकंदाच्या तुकड्यांवर कुणाचं लग्न ठरणार आणि कुणाचं लांबणार याचा निकाल लागतो. पूर्वी मुलांना पाच किलोमीटर पळायला लावत. 2014 च्या जूनमधल्या उकाड्यात मुंबईच्या भरतीत धावताना काही उमेदवार दगावले. पुढे अंतर घटलं. तेव्हा या पोरांच्या घामाची चेष्टा करायची माझी तयारी नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की 5 मिनिटं 10 सेकंदांत 1600 मीटर पळणारा हा वारा पुढे जातो कुठे?

पहिले काही महिने तो प्रशिक्षण केंद्रात जातो. खंडाळा, नानवीज, मरोळ, अकोला, जालना, जिथे नंबर लागेल तिथे. तिथे उस्ताद नावाचा एक प्राणी पहाटे शिट्टी मारतो. हा उस्ताद बोलतो मराठी, रागावतो मराठीत, आई-बहिणींची चौकशीही मराठीतच करतो, पण मैदानावर पाय ठेवला की त्याच्या तोंडून हिंदी बाहेर पडते. सावधान, विश्राम, दहिने मुड, तेज चल. या महिन्यांत पोरगं आयुष्यातलं सर्वोत्तम दिसतं. दीक्षान्त संचलनाच्या दिवशी आई-बाप गावाहून जीप करून येतात, पोराबरोबर फोटो काढतात आणि तो फोटो घराच्या दर्शनी भिंतीवर लागतो. पुढची तीस-पस्तीस वर्षं तो फोटो भिंतीवर तसाच राहतो आणि खाली बसलेला माणूस बदलत जातो. पाहुणे फोटोकडे बघून विचारतात, "हा कोण, धाकटा भाऊ का?"

या बदलाचा खरा इतिहासकार जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या समोरच्या गाळ्यात बसलेला असतो. तो शिंपी. खात्यातल्या डॉक्टरपेक्षा, आणि घरच्या माणसांपेक्षाही, त्याच्याकडे पक्की नोंद असते. अशा एका गाळ्यात मी माझी पँट खालून दुमडून घ्यायला गेलो होतो. माझ्यापुढे नवा शिपाई उभा, कंबर एकोणतीस.

"टाइट फिटिंग करा मामा."

"करतो की." शिंपी म्हणाला आणि पोरगं गेल्यावर खडूने आतल्या बाजूला रेघ ओढली. "दोन इंच माया सोडतो. याचं लग्न ठरलंय."

मग खाकी कापड उलटंपालटं करत त्याने मला साग्रसंगीत शास्त्रच सांगितलं. लग्नाला पहिला इंच. पहिल्या पोराला दुसरा. कारकुनी टेबल मिळालं की माया संपते आणि नवी पँट शिवावी लागते. वाहतूक शाखेचा माणूस आला तर पोटापेक्षा पोटऱ्या आधी बघायच्या, दिवसभर उभं राहून शिरा फुगलेल्या असतात, म्हणून पँट खालून ढिली ठेवायची. कोर्ट ड्युटीवाल्याचं पोट सगळ्यांत डौलदार, कारण तिथे आरोपी घेऊन बाकावर बसायचं आणि तारीख पडली की परत आणायचं, एवढंच काम. राज्य राखीव दलातला असेल तर माया सोडायची नाही, तो पोट कमवायच्या आत दुसऱ्या जिल्ह्यात बंदोबस्ताला जातो. "आणि साहेब लोक?" मी विचारलं. त्याने दाराकडे बघितलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

आता हे पोट येतं कुठून याबद्दल जनतेचा एक ठाम समज आहे आणि तो हॉटेलच्या बिलाशी, म्हणजे न दिलेल्या बिलाशी, जोडलेला आहे. त्यात तथ्य नाही असं म्हणायला मी काही पोलीस खात्याचा जनसंपर्क अधिकारी नाही. पण फुकटच्या भज्यांनी माणूस एवढा सुटत नाही. भजी खाऊन तो झोपला, उठला आणि पळाला तर ती जिरतात. पोलिसाला झोपायला मिळत नाही ही खरी गोम आहे. बारा तासांची ड्युटी कागदावर. ती संपताना मोर्चा निघतो, मंत्र्याचा ताफा येतो, नाहीतर दोन गट समोरासमोर येतात. डबा उघडला की वायरलेस बोलायला लागतो, हा खात्यातला सगळ्यांत जुना संकेत आहे. भाजी झाकून निघालेला माणूस चार वाजता परततो, तोवर पोळीचा पापड झालेला. मग कोपऱ्यावरचा वडापाव. मग चहा. रात्रपाळीत जागं राहायला चहा, नाकाबंदीत थंडी घालवायला चहा, फिर्यादी आला की त्याच्याबरोबर चहा, आरोपी सापडला की आनंदाने चहा. पंचनाम्याला पंच मिळाले की त्यांना चहा पाजावा लागतो, नाहीतर ते पळून जातात. प्रत्येक चहात दोन चमचे साखर धरली तर हिशेब तपासी अंमलदारालाही झेपणार नाही. आणि हे सगळं उभ्याने किंवा बसून, चालत कधीच नाही.

पूर्वी निदान चालणं होतं. गस्त पायी असायची, खेडोपाडी सायकलवर. डोक्यावर पिवळी टोपी, खाली निळी हाफ पँट, हातात काठी आणि पायांत वहाणा, असा हवालदार मुंबईच्या जुन्या फोटोंत दिसतो. त्याच्या पोटऱ्या बघाव्यात! 1975 साली दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' आला, त्यातले दादा आणि अशोक सराफ दोघेही सडसडीत. हवालदार म्हटला की पोट हवंच, हे तेव्हा अजून रूढ झालेलं नसावं. मग जीप आली, मोटरसायकलवरचे बीट मार्शल आले, चौकाचौकांत कॅमेरे आले. पायांचं काम चाकांकडे आणि डोळ्यांचं काम पडद्याकडे गेलं. तोंडाचं काम तेवढं मूळ मालकाकडे राहिलं.

मग चोर पळाला तर? हा प्रश्न विचारणाऱ्याला पोलिसी कामाची माहिती नाही. पळणाऱ्या चोरामागे पळतो तो नवा शिपाई. जुना हवालदार पळत नाही. तो आधी टोपी नीट करतो, चोर कुठल्या बोळात शिरला ते बघतो आणि म्हणतो, "जाऊ दे, बाळ्याच आहे तो." मग सावकाश बाळ्याच्या घरी जातो, ओट्यावर बसतो, बाळ्याच्या आईशी सुखदुःखाच्या चार गोष्टी करतो, पाणी मागतो आणि वाट बघतो. बाळ्या आज ना उद्या जेवायला येतोच. शंभर मीटर साडेअकरा सेकंदांत पळणाऱ्या पोराला जो चोर सापडत नाही, तो शंभर किलोच्या हवालदाराला असा बसल्या जागी सापडतो. यात गुन्हे अन्वेषणाचं जे कसब आहे त्याला भरतीत एकही गुण नाही. आणि अलीकडचा चोर तर पळतच नाही. तो फोन करून ओटीपी विचारतो. त्याला पकडायला 1600 मीटर कुठल्या दिशेने धावायचं?

तरीही खात्याला अधूनमधून पोटाची जाग येते. नवे साहेब आले की पहिल्याच आठवड्यात परेडच्या दिवशी मैदानाला दोन फेऱ्यांचा हुकूम सुटतो. पहिल्या फेरीत सगळे असतात. दुसऱ्या फेरीला निम्म्यांना अचानक कोर्टाची तारीख आठवते. मग योग शिबिर होतं, सूर्यनमस्कार होतात आणि शेवटी अल्पोपाहार म्हणून बटाटेवडा. तंदुरुस्त राहणाऱ्या पोलिसाला सरकार महिन्याला अडीचशे रुपये भत्ताही देतं. महिन्याला! चांगल्या बुटांची जोडी घ्यायची तर वर्षभर तंदुरुस्त राहून पैसे साठवावे लागतील. वजन उंचीच्या प्रमाणात असावं ही अट. एका गृहस्थांनी मला सांगितलं की वजन बसत नव्हतं, म्हणून त्यांनी उंचीबद्दल वाद घातला.

आसामने मात्र 2023 साली विषय गंभीरपणे घेतला. तिथल्या पोलीस महासंचालकांनी जाहीर केलं की शिपायापासून आयपीएसपर्यंत सगळ्यांचा बीएमआय मोजणार, तीसच्या वर निघालेल्या लठ्ठ मंडळींना वजन उतरवायला तीन महिने देणार, आणि तरीही उतरलं नाही तर स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय पुढे ठेवणार. थायरॉइडसारखे आजार असलेल्यांना सवलत. आणि मोजणीला सर्वांत आधी स्वतः उभे राहणार ते महासंचालकच. हा शेवटचा भाग मला फार आवडला. आपल्याकडे टेप कुणी धरायची आणि कुणाच्या पोटाभोवती, हा प्रश्न ज्येष्ठताक्रमाने सुटतो.

आपल्याकडचे अधिकारी मात्र दुसऱ्या टोकाला आहेत. आयपीएस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी 2017 साली फ्रान्समध्ये आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केली. 3.8 किलोमीटर पोहायचं, मग 180 किलोमीटर सायकल, मग 42 किलोमीटर धावायचं, आणि हे सगळं एकाच दिवशी, मधे न झोपता. पेपरात फोटो आला तेव्हा सगळ्या ठाण्यांत कौतुक झालं. एका ठाणे अंमलदारांची प्रतिक्रिया मला अजून आठवते. ते म्हणाले, "साहेबांनी कमालच केली. पण एकाच दिवशी न झोपता म्हणजे आमचा अनंत चतुर्दशीचा बंदोबस्तच की. फक्त त्यात मेडल नाही."

आणि ते खरं आहे. पुण्याची विसर्जन मिरवणूक तीस तासांच्या घरात जाते. लक्ष्मी रस्त्याच्या एका कोपऱ्यावर दोरी धरून उभ्या केलेल्या शिपायाला आज सकाळ झाली आहे, उद्याची सकाळही झाली आहे आणि समोर अजून ढोल वाजतोच आहे. प्रत्येक मंडळ प्रेमाने त्याच्या हातात वडापाव ठेवतं. नाही म्हणावं तर कार्यकर्ते रुसतात. महिला पोलिसांची तऱ्हा आणखी वेगळी. जवळपास स्वच्छतागृह नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग मूतखडा झाला की डॉक्टर विचारतात, पाणी कमी पिता का? 2022 च्या जानेवारीत राज्यात महिला पोलिसांची ड्युटी बारावरून आठ तासांवर आणण्याचा आदेश निघाला. त्याआधी 2016 साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला होता, आणि त्याचं वेळापत्रक मांडलं होतं एका साध्या शिपायाने. ज्याचं दुखतं त्यालाच औषध सुचतं. पण सणासुदीला, निवडणुकीला आणि मनुष्यबळ कमी पडलं की आठाचे बारा आणि बाराचे चोवीस कधी होतात हे भिंतीवरच्या घड्याळालाही कळत नाही.

या सगळ्या हसण्याखिदळण्यात 2017 सालचा एक किस्सा मला नेहमी आडवा येतो. मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी लेखिका शोभा डे यांनी एका अतिलठ्ठ पोलिसाचा फोटो ट्विटरवर टाकला आणि मुंबईत 'हेवी' बंदोबस्त असल्याची कोटी केली. कोटी ठीकठाक होती. मुंबई पोलिसांनी तितक्याच नेमकेपणाने उत्तर दिलं की आम्हालाही कोट्या आवडतात, पण हा गणवेश आमचा नाही आणि हा माणूसही आमचा नाही. खात्याने पोट नाकारल्याचं हे माझ्या पाहण्यातलं एकमेव उदाहरण. तो गृहस्थ निघाला मध्य प्रदेश पोलिसांतला, वजन 180 किलो. त्याने सांगितलं की आपलं वजन खाण्याने वाढलेलं नाही, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर शरीरातलं गणित बिघडलं. मग मुंबईतल्याच एका रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वजन पुष्कळ उतरलं. तेव्हा विनोद करणाऱ्यांच्या पदरी निदान एवढं पुण्य पडलं. पण दुसऱ्याच्या पोटावर विनोद करताना आत काय दुखतंय हे बाहेरून दिसत नाही, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनात आहे. लेख तरीही लिहिलाच, ते सोडा.

खरं तर या खात्याने महाराष्ट्राला शरीराच्या बाबतीत मान खाली घालायला लावलेली नाही. 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते, 1955 साली पोलीस दलातच उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. आजही महाराष्ट्र केसरी झालेले मल्ल खाकी घालतात. तालमीतून ठाण्यात येणं सोपं आहे. ठाण्यातून तालमीत परत जायला मात्र रजा लागते, आणि रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली असतो.

वय वर्षं 58. निरोप समारंभ. श्रीफळ, शाल, हार. हार पोटावर पसरलेला, खुर्चीत नीट न मावणारा तो देह, गोळ्यांचा डबा बायकोच्या पर्समध्ये: एक साखरेची, एक रक्तदाबाची, एक पित्ताची. वक्ते सांगतात, साहेब अजून तिशीतले वाटतात. टाळ्या. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून हाच माणूस पहाटे पाचला फिरायला निघतो. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला वेळही मिळालेला असतो. गावाबाहेरच्या त्याच डांबरी रस्त्यावर त्याला भरतीची पोरं भेटतात. तो त्यांना थांबवून सांगतो, "गुडघे वर उचला रे, हात सैल सोडा." पोरं मनात म्हणतात, या आजोबांना काय कळतंय. तो 1600 मीटरला किती घेत होता हे त्यांना सांगून पटणार नाही, म्हणून तो सांगत नाही.

गणेशमंडळांना एक विनंती करून थांबतो. यंदा बंदोबस्तावरच्या पोलिसांना वडापाव देऊ नका. केळी द्या, ताक द्या, पाण्याची बाटली द्या, महिला पोलिसांना मंडळाच्या कार्यालयातलं स्वच्छतागृह उघडून द्या, एखादी खुर्ची द्या, आणि मुख्य म्हणजे मिरवणूक वेळेत संपवा. यातलं शेवटचं जमणार नसेल, तर वडापावच द्या. बरोबर चटणी थोडी जास्त टाका, पुढे अजून बारा तास काढायचे असतात.